सशाचे कान

वरची वाडी, पो. पोलादपूर, जि. कुलाबा
३ ऑक्टोबर १९६१

मुरारी,

थोरल्याने धाकट्याला लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला ठाऊक आहे. आज तो हातून उतरत नाही म्हणून गाळला आहे.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वहिनीला मी एवढंच सांगितलं की आवडी मुंबईला सुखरूप पोचली. बाकी तिला वाचून दाखवावं असं तू काही लिहिलेलंच नाहीस. ‘माझ्या मुलीच्या कोपरावर काय लावलंस ते इथल्या डॉक्टरांना हवं आहे, मुकाट्याने लिहून पाठव.’ मुकाट्याने! परळच्या प्रयोगशाळेत सशांचे पिंजरे धुणारा माणूस मला मुकाट्याने म्हणतो. तुझी बायको गेली तेव्हा आवडी दोन वर्षांची होती. त्यानंतर सहा वर्षं तिला खाऊपिऊ घातलं, शाळेत बसवलं, ते मी आणि तुझ्या वहिनीने, ठमाबाईने. तू शिमग्याला आणि गणपतीला येतोस, रिबिनी आणतोस आणि बाप होऊन जातोस.

तरी विचारतोसच, तर ऐक. वैशाखात आवडी रायवळ आंब्यावरून पडली. उजवं कोपर मोडलं. मी ते बसवलं. आपल्या आबांनी मला शिकवलं होतं तसंच: उडदाचं पीठ, अंड्यातला पांढरा, वर बांबूच्या कामट्या. हात जुळला. जरा वाकडा जुळला, ते मी नाकारत नाही. पोर एका जागी बसणारी नाही, हे तुला कळणार नाही, कारण तू तिला कधी बसवलेली नाहीस.

श्रावणात मी तिला शेक द्यायला सवच्या गरम कुंडांवर नेली होती. माझं लक्ष जरा हललं, तिने हात नको तिथे बुडवला आणि पोळली. कातडी गेली, ताप भरला. मीच तिला महाडच्या डॉक्टरकडे नेली, तू नाही. गणपतीला तू आलास, पट्टी बघितलीस आणि सगळ्या वाडीसमोर मला खाटीक म्हणालास. आरतीचं ताट तेव्हा माझ्या हातात होतं.

तेलाशिवाय मी काही लावलं नाही. तुझ्या डॉक्टरांना एवढं सांग आणि पुन्हा विचारू नकोस.

सयाजी


१७ ऑक्टोबर १९६१

मुरारी,

गोमाजी आता तुझा हेर झाला म्हणायचा. या वाडीत लहानाचा मोठा झाला, तुझ्या खोलीवर दोन दिवस राहिला काय आणि सांगून मोकळा झाला की श्रावणात सावित्रीला पूर होता, सवच्या कुंडांवर नदीचं पाणी होतं, तिथे कोणी गेलंच नव्हतं. बरं. नव्हतो गेलो. पोर पाण्याने पोळली नाही. झालं समाधान?

तू लिहितोस की जखम वरून भरली, पण दर आठ-दहा दिवसांनी कोपर सुजतं, गरम होतं, ताप येतो. एक्स-रेच्या प्लेटमध्ये काही सापडत नाही, फक्त दोन हाडांमधली फट दर खेपेला कमी दिसते. हात ना पुरता सरळ होतो ना पुरता वाकतो, घास तोंडापर्यंत जात नाही. आणि पोर तोंड उघडत नाही. डॉक्टरांनी विचारलं, नर्सने गोळ्या देऊन विचारलं, तू थोबाडीत मारून विचारलंस, तरी नाही. मुलीवर हात उगारून मला पत्रात अक्कल शिकवतोस! आठ वर्षांची पोर आहे, पण तुझ्यापेक्षा तिच्यात पाणी जास्त आहे, असं मला वाटलं. वाटलं ते लिहिलं.

आता तुला हवं आहे ते लिहितो, पण आधी शिमग्याचं ऐकावं लागेल.

होळीच्या दुसऱ्या दिवशी बोकड शिजत होता. जून होता, म्हणून ठमाबाईने कच्ची पपई चिरून घातली. तू पानावर बसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “वैनी, ह्योच रस आमी सशाला देतो. कानाच्या नसेत सुईनं सोडला का दुसऱ्या दिवशी दोनी कान खाली. ससा मरत नाय, आजारी नाय, चरतोय, फकस्त कान ओल्या चिंधीवानी पडल्यात. कानात कोवळं हाड असतंय ना, कुर्चा, ती नरम पडती. एन्झाइम म्हनतात त्याला. मांस पचवतंय, कुर्चा बी पचवतंय.”

रावजीने विचारलं, मग त्या सशाचं पुढे काय होतं? तू म्हणालास, पाच दिवसांत कान परत उभे. नवी कुर्चा भरते, आपली आपण.

इथपर्यंत मीही कौतुकाने ऐकत होतो. माझा भाऊ बोलतो आहे आणि माणसं हात थांबवून ऐकताहेत, याचं मला बरं वाटत होतं. मग तू माझ्याकडे वळलास. “दादा, तुला वाटतंय तू हाड बसवतोस. हाड आपलं आपन बसतंय रे. आत काय हाय, एक टोळी जुनं हाड खाती, दुसरी नवं बांधती, जल्मभर चाललंय ह्ये. खानारी नसली तर बांधनारीला जागाच गावनार नाय. तू काय करतोस? काठ्या बांधतोस आन् वाट बघतोस. बस्! आन् लोक तुझ्या पाया पडत्यात.”

गोमाजी हसला. रावजी हसला. ज्या रावजीचा मोडलेला पाय मी बसवला, तो त्याच पायाची मांडी घालून हसला. आबांच्या जागी मी बावीस वर्षं बसतो आहे. आंबेनळी घाटाच्या वरच्या गावांतून लोक डोलीत घालून माणसं आणतात माझ्याकडे. त्या दिवसापासून कोणी आलं की मला वाटायचं, हा मनात म्हणतो आहे, काठ्या बांधणारा.

म्हणून सांगतो, चीक लावला. पपईचा. तुझाच. वाकडं जुळलेलं हाड सरळ करायचं तर ते आधी नरम करावं लागतं. आबा त्यासाठी एकवीस दिवस तेल आणि शेक द्यायचे. माझ्याकडे एकवीस दिवस नव्हते. गणपतीला तू येणार होतास आणि तो वाकडा हात बघून परत पानावर बसून बोलणार होतास. मी पहाटे उठून कच्च्या पपईला चिरा पाडल्या, करवंटीत चीक धरला आणि एरंडाच्या पानाखाली तीन दिवस तिच्या कोपरावर बांधला. चौथ्या दिवशी पान काढलं तर पानाबरोबर कातडी आली.

आता लिही तुझ्या डॉक्टरांना, की ही विद्या तुमच्याच प्रयोगशाळेतून आली.

सयाजी


२९ ऑक्टोबर १९६१

मुरारी,

मुद्दाम कार्डावर लिहितो. पोस्टमनने वाचलं तरी चालेल, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. चीक कातडीवर लावला. आत काही गेलं नाही. तू पुन्हा पुन्हा तेच विचारतोस, ‘आत काही गेलं का, आठव.’ आठवलं. नाही गेलं. दिवाळीला ठमाबाई पोरीसाठी अनारसे पाठवणार होती, मी नको म्हटलं.

सयाजी


१६ नोव्हेंबर १९६१

मुरारी,

तुझं पत्र परवा आलं. एकही शिवी नाही त्यात. चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, ‘दादा, पपईचा रस केव्हाच गेला. तो आता तिच्या अंगात नाही. आता तिचा सांधा तिचंच शरीर खातं आहे. आपल्या अंगातही तसेच पचवणारे रस असतात, ते रोजचं जुनं काढतात आणि नव्याला जागा करतात. पण आत काही परकं अडकलं असलं की ते थांबत नाहीत. त्या परक्याला पचवायला जातात आणि शेजारची कुर्चा पचवून बसतात. डॉक्टर म्हणतात, धातू असता तर प्लेटमध्ये दिसला असता. लाकूड दिसत नाही, काटा दिसत नाही. काही सापडलं नाही तर सोमवारी, २० तारखेला, ऑपरेशन करून कोपर आहे तसं कायमचं जखडून टाकणार. दुखायचं थांबेल, पण मग तो सांधा कधीच हलणार नाही. दादा, तुझ्या पाया पडतो.’

तू माझ्या पाया पडतोस, मुरारी. शिमग्याला याच गोष्टीवर हसला होतास.

पत्र वाचून मी कडीपाटात खोचून ठेवलं आणि रानात गेलो. संध्याकाळी आलो तर ठमाबाई पडवीत बसली होती. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तिने पत्राला हात लावला नव्हता. पण दिवाळीची झाडलोट करताना तिला माळ्यावर एक करवंटी सापडली होती. ती तिने इतके दिवस पदराखाली ठेवली होती आणि त्या दिवशी माझ्या पुढ्यात ठेवली. तळाशी वाळलेला चीक आणि करवंदीचे पाच काटे.

ती म्हणाली, “ह्ये काटे कशाला व्हते?”

मी म्हटलं, पडले असतील.

“चार धड हायत. ह्यो मोडलाय. ह्येचा शेंडा कुठं हाय?”

मी करवंटी उचलायला हात पुढे केला.

“मी भाताच्या बेननीला गेले व्हते त्या दिवशी. सांजच्याला आले तं पोर भिताडाकडं तोंड करून निजली व्हती. मला म्हनाली, काकी, मला काय नाय झालं. शेंडा कुठं हाय त्याचा, सांगा.”

ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. वाढते आणि उठून जाते. आता तुला सांगतो, म्हणजे निदान कोणीतरी एक माझ्याशी बोलेल, शिव्या देण्यापुरतं का होईना.

शिमग्याला तू आणखी एक वाक्य बोलला होतास, ते मी मागच्या पत्रात गाळलं. रावजीने तुला विचारलं होतं, नुसता वरून चोळला तर कान पडतील का? तू म्हणालास, “नाय रे, वरनं काय व्हत नाय. सुईनं आत जायाला पायजे.” मला ते शब्द न् शब्द आठवत होतं. सुई माझ्याकडे नव्हती. करवंदीचे काटे होते.

चीक बांधायच्या आधी मी पाच काटे चिकात बुडवले आणि तिच्या कोपरामागे, जिथे हाडाचा उंचवटा आला होता, तिथे टोचले. चार सरळ आत गेले आणि सरळ बाहेर आले. पाचवा खोल गेला. तिने हात ओढला आणि मला कट् असं जाणवलं. बाहेर आला तो आखूड होता. मी स्वतःला सांगितलं, आधीच आखूड असेल. बावीस वर्षं मी बोटांनी कातडीखालचं मोडलेलं हाड ओळखतो आहे, मुरारी. काटा मोडला हे मला कळलं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

डॉक्टरांना सांग. करवंदीचा काटा, तांदळाच्या दीड दाण्याएवढं टोक, उजव्या कोपराच्या मागे, बाहेरच्या अंगाला. हात काटकोनात धरला की हाडाचं टोक लागतं, तिथून एक बोट वर. वरची जखम भरली आहे, म्हणून त्यांना खूण दिसणार नाही. खुणेसाठी हवं तर मला बोलवा, मी बोट ठेवून दाखवतो. पण तू बोलावणार नाहीस आणि मीही येणार नाही.

मूळ चूकही माझीच होती. बांधल्यावर दहाव्या दिवशी कामट्या सोडून हाड बघायचं आणि परत बांधायचं, हा आबांचा नेम. मी पावसाआधी शेतातला राब भाजण्याच्या घाईत होतो. सतराव्या दिवशी सोडल्या, तोवर हाड वाकडं धरलं होतं. तुझ्या त्या दोन टोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, मी वाट बघण्याचंही काम नीट केलं नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहिण्यासाठीच मी गोमाजीला थांबवून ठेवलं आहे. टपालाने तीन दिवस लागतील. तो आज दुपारच्या एस.टी.ने निघेल आणि हे तुझ्या हातात देईल.

आवडी का बोलत नाही, हे तू प्रत्येक पत्रात विचारतोस. तू लिहिलंस की ती दिवसभर तुझा सदरा मुठीत धरून बसते, तू कामावर निघालास की रडते, परत आलास की तुझ्या छातीला कान लावून बघते, आणि हाताचं विचारलं की ओठ आवळते. तुला वाटतं मी तिच्या मनात तुझ्याविषयी विष कालवलं. तसं मी केलं असतं तरी बरं होतं.

काटे टोचले तेव्हा ती किंचाळली. मी तिचं तोंड दाबलं आणि म्हटलं, “बापाला सांगितलंस तर बाप मरंल. शपथ हाय तुला बापाची.” ती म्हणाली, “नाय सांगत, काका.”

तिने शब्द पाळला. ताप आला तरी पाळला, तू मारलंस तरी पाळला. तुझ्या हातची थोबाडीत खाऊन ती गप्प राहिली, ती तुला जिवंत ठेवण्यासाठी. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं की पोरीत तुझ्यापेक्षा पाणी जास्त आहे. ते लिहिताना मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तेव्हा आनंदही झाला होता. हे वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

शपथ ज्याने घातली त्यानेच सोडायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू सांगून ती सुटणार नाही, डॉक्टर सांगून सुटणार नाही. म्हणून खालचा कागद वेगळा लिहिला आहे. तो तू वाचून दाखवू नकोस. तिच्या हातात दे. ती दुसरीत आहे, जोडाक्षरं अडली तर थांब, पण तिलाच वाचू दे.

तू मला खाटीक म्हणालास ते खरं होतं. पण आरतीच्या वेळी म्हणायला नको होतंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढल्या गणपतीला येऊ नकोस. काल आंबेनळीकडून एक गडी मोडका हात घेऊन आला होता, त्याला मी महाडला पाठवला. कामट्या अजून जाळलेल्या नाहीत, तुला वाटेल की जाळल्या, म्हणून लिहितो.

सयाजी


आवडे,

मी काका लिहितोय. अक्षर नीट काढलंय, वाच.

तू कोनाला काय बोलली नाय, मला ठावं हाय. लय दिवस झाले. आता बाप विचारंल, डाक्टर विचारंल, त्यांना सगळं सांग. काटा कुठं टोचला त्ये बोट ठेवून दाव. काकानं टोचला म्हन. काकानं तोंड दाबलं म्हन. रडायला आलं तर रड.

बापाला काय व्हत नाय. मी खोटं बोललो व्हतो.

काकी तुला लाडू पाठवती. डाव्या हातानं खा, मंग उजव्या.

शपथ मी घातली व्हती, मीच सोडतो. तीन डाव म्हनायची रीत हाय, म्हनून तीन डाव लिवतो. बोट ठेवून वाच.

सुटली.
सुटली.
सुटली.